पेरणें : एक स्पॅनिश क्रियापद आणि आपली मराठी



आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस नवल वाटलें असेल. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारी उमर मराठी शाळेंत मुलांकडून धातु चालवून घेण्यांत घालविलेल्या एका निवृत्त शिक्षकानें स्पॅनिश क्रियापदाविषयीं बोलावें, याचें प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. तें प्रयोजन आधीं सांगतों.

आमच्या भागांतील मुलें आतां शेतकीसाठीं, यंत्रविद्येसाठीं, व्यापारासाठीं परकी भाषा शिकूं पाहतात. स्पॅनिश ही सुमारें वीस देशांची राजभाषा असल्यामुळें तिच्याकडे त्यांचा ओढा असतो. परंतु मराठी शाळेंतून आलेला मुलगा स्पॅनिशचें नांव काढूं लागला कीं त्यास सल्ला मिळतो तो असा : "आधीं इंग्रजी पक्कें कर, मग स्पॅनिशकडे वळ." पुस्तकें इंग्रजींत, वर्ग इंग्रजींत, क्रियापदांच्या कोष्टकांपुढील अर्थहि इंग्रजींत. ज्याचें इंग्रजी दुबळें, त्यास वाटतें कीं हें दार आपल्यासाठीं नव्हेच. आणि तो मुकाट्यानें परत फिरतो. हा सल्ला क्रियापदापुरता तरी चुकीचा आहे, एवढेंच मला आज दाखवावयाचें आहे. स्पॅनिश क्रियापद ज्या गोष्टी मागतें, त्यांपैकीं पुष्कळशा मराठी क्रियापदानें आपणांस पाळण्यांत असतांनाच शिकविलेल्या आहेत, आणि त्यांतील कांहीं इंग्रजींत मुळीं नाहींतच.

प्रथम "क्रियापद चालविणें" म्हणजे काय तें पाहूं. एक धातु घ्यावयाचा. तो मी, तूं, तो, आम्ही, तुम्ही, ते यांच्याबरोबर आणि निरनिराळ्या काळांत कोणकोणतीं रूपें घेतो तीं क्रमानें म्हणावयाचीं. आम्ही यास चालविणें म्हणतों. निजामाच्या राज्यांत, म्हणजे १९४८ पर्यंत, आमच्या भागांतील वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले. त्या वर्गांतून शिकलेलीं वडील माणसें याच गोष्टीस "गर्दान" म्हणत. गर्दान म्हणजे फिरविणें. एकानें चालविलें, दुसऱ्यानें फिरविलें, काम तेंच.

आतां उदाहरणासाठीं कोणतें क्रियापद घ्यावें? मीं "पेरणें" हें घेतलें आहे, आणि त्यास कारण आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे हें नांव आपणांपैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. ते मूळचे वर्ध्याकडचे. गदर चळवळींतील क्रांतिकारक म्हणून ते अमेरिकेंत वावरले, तेथें त्यांनीं कृषिविद्येचें शिक्षण घेतलें, आणि स्वदेशाचीं दारें सरकारनें बंद केलेलीं असल्यामुळें १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत गेले. तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेंत ते अध्यापक झाले. मक्याच्या सुधारलेल्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें. मका आणि त्याचा रानटी नातलग तेओसिन्ते यांच्या संकराचे प्रयोग केले. आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकारानें मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतींत काढलेल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. १९६७ सालीं नागपुरास त्यांचें देहावसान झालें. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. या मराठी मनुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत गेलीं, आणि तीं पेरणीच्याच कामांत गेलीं. मका हें पीकहि मूळचें मेक्सिकोचें. आज तें आमच्या गंगापूर तालुक्यांतील शिवारांत कपाशीच्या शेजारीं उभें असतें. तेव्हां पेरणें हेंच क्रियापद आपण चालवूं.

पेरणें यास स्पॅनिशांत "सेंब्रार" म्हणतात. बी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तें निघालें. स्पॅनिश क्रियापदांचे मूळ रूपाच्या शेवटावरून तीनच वर्ग होतात : "आर" नें संपणारीं, "एर" नें संपणारीं आणि "ईर" नें संपणारीं. संस्कृताचे दहा गण ज्यांनीं पाठ केले, त्यांनीं तीन वर्गांस भिण्याचें कारण नाहीं. सेंब्रार हें पहिल्या वर्गांतील. त्याचा वर्तमानकाळ असा :

मी पेरतों — सिएंब्रो
तूं पेरतोस — सिएंब्रास
तो किंवा ती पेरते — सिएंब्रा
आम्ही पेरतों — सेंब्रामोस
तुम्ही पेरतां — सिएंब्रान
ते पेरतात — सिएंब्रान

यांत पहिली गोष्ट ही लक्षांत घ्या कीं, मी, तूं, आम्ही हे शब्द उच्चारण्याची गरज पडत नाहीं. "सिएंब्रो" म्हटलें कीं पेरणारा मीच हें समजतें. मराठींतहि "काय करतोस?" असें विचारलें असतां "पेरतों" एवढें उत्तर पुरतें. इंग्रजींत हें चालत नाहीं. तेथें कर्ता प्रत्येक वेळीं बोलून दाखवावा लागतो. म्हणून इंग्रजीच्या वाटेनें गेलेला विद्यार्थी प्रत्येक स्पॅनिश वाक्यापुढें उगाच "यो, यो" म्हणजे "मी, मी" लावीत बसतो. मराठी मनुष्यानें आपल्या संवयीवर विश्वास ठेवावा.

दुसरी गोष्ट शेवटच्या अक्षरांची. तूं या पुरुषाच्या रूपास शेवटीं "स्" आहे : सिएंब्रास. मराठींत पेरतोस, संस्कृतांत वपसि. आम्ही या पुरुषास "मोस्" आहे. संस्कृतांत वपामः, म्हणजे मूळचें "वपामस्". ते या पुरुषास "न्" आहे; संस्कृतांत वपन्ति. हें साम्य योगायोगाचें नव्हे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास आपल्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळच्या बहिणी असाव्यात असें प्रतिपादन केलें, तें विशेषतः क्रियापदांच्या अशाच ठेवणीवरून. स्पॅनिश ही लॅटिनची मुलगी आणि मराठी ही प्राकृताच्या द्वारें संस्कृताची वंशज. अर्थात् हे प्रत्यय एकाच घरांतून दोन गांवीं गेलेले भाऊबंद आहेत. स्पॅनिशांत "तूं" यास शब्दहि "तू" असाच आहे.

तिसरी गोष्ट आदराची. वडील मनुष्यास किंवा अनोळखी गृहस्थास स्पॅनिशांत "तू" म्हणत नाहींत, "उस्तेद्" म्हणतात, आणि त्याच्यापुढें क्रियापद तिसऱ्या पुरुषाचें येतें. हा शब्द "आपली कृपा" अशा अर्थाच्या जुन्या आदराच्या संबोधनाचा झिजून झालेला आहे. इंग्रजींत लहानमोठ्या सर्वांस एकच शब्द असल्यामुळें हा प्रकार तेथें समजावून द्यावा लागतो. आपणांस तो सांगावाच लागत नाहीं. "साहेबांनीं बसावें", "बाबा काय म्हणतात?" असें समोरच्याच मनुष्यास तिसऱ्या पुरुषांत बोलण्याची रीति आपल्या घराघरांत आहे.

वरच्या कोष्टकांत एक चमत्कार कदाचित् आपल्या ध्यानांत आला असेल. मूळ शब्द "सेंब्रार", परंतु रूप "सिएंब्रो". आणि पुन्हां आम्ही या पुरुषांत "सेंब्रामोस". हा "ए" चा "इए" कोठून आला व कोठें गेला? याचें उत्तर आघातांत आहे. उच्चाराचा जोर ज्या वेळीं धातूच्या स्वरावर पडतो त्या वेळीं तो स्वर फुगून "इए" होतो. जोर पुढच्या अक्षरावर सरकला कीं तो पूर्ववत् आखूड राहतो. मराठींत आपण "फूल" दीर्घ म्हणतों आणि "फुलास" ऱ्हस्व म्हणतों. "वीट" आणि "विटेचा". "मूल" आणि "मुलाला". पुढें अक्षर वाढलें कीं मागचा स्वर आंखडतो. नियम तंतोतंत एक नाहीं, पण जात एकच. शब्दाचें वजन पुढें सरकलें म्हणजे मागील स्वर बदलतो, हें ज्याच्या जिभेस ठाऊक आहे त्यानें "सिएंब्रो, सेंब्रामोस" यास अपवाद समजून घाबरूं नये.

आतां भूतकाळाकडे येऊं. विद्यार्थ्यांची खरी अडचण येथेंच होते, आणि मराठीचा खरा उपयोगहि येथेंच आहे. स्पॅनिशांत साधे भूतकाळ दोन आहेत. पहिला असा : सेंब्रे, सेंब्रास्ते, सेंब्रो, सेंब्रामोस, सेंब्रारोन. दुसरा असा : सेंब्राबा, सेंब्राबास, सेंब्राबा, सेंब्राबामोस, सेंब्राबान. माझा एक जुना विद्यार्थी शहरांत स्पॅनिशच्या वर्गास जात असे. तो एकदां वही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, या दोन कोष्टकांपुढें इंग्रजींत अर्थ एकच लिहिला आहे. मग कोणतें केव्हां वापरावयाचें?"

मीं त्यास विचारलें, "तुझे आजोबा खरिपांत काय पेरायचे?"

तो म्हणाला, "बाजरी पेरायचे, गुरुजी. कडेनें तूर."

"आणि गेल्या साली वडिलांनीं काय पेरलें?"

"गेल्या साली मका पेरला."

मीं म्हटलें, "अरे, आजोबा 'पेरायचे' आणि वडिलांनीं 'पेरला', असें तूं न अडखळतां दोन तऱ्हांनीं बोललास. पहिलें तें सेंब्राबा. दुसरें तें सेंब्रो. आतां कोष्टकांतील इंग्रजी अर्थ खोडून टाक आणि त्या जागीं हें लिही." त्यानें तसें केलें, आणि त्याची ती अडचण तेथेंच सुटली.

याचें मर्म असें. जी क्रिया एकदां घडून संपली, जिच्यावर पडदा पडला, ती पहिल्या भूतकाळांत सांगावयाची : "मि पाद्रे सेंब्रो माईस" — माझ्या वडिलांनीं मका पेरला. जी क्रिया वारंवार घडे, घडण्याची रीतच होती, किंवा दुसरें कांहीं घडलें त्या वेळीं चालू होती, ती दुसऱ्या भूतकाळांत : "मि आबुएलो सेंब्राबा माईस" — माझे आजोबा मका पेरीत असत. आपले व्याकरणकार यास रीतिभूतकाळ म्हणतात. मराठींत त्याचें जुनें, नेटकें रूप आहे : मी पेरीं, तूं पेरीस, तो पेरी, आम्ही पेरूं, तुम्ही पेरां, ते पेरीत. बोलतांना आज आपण त्याऐवजीं "पेरायचा" म्हणतों, लिहितांना "पेरीत असे" लिहितों. परंतु भेद मात्र सर्वत्र जिवंत आहे. तेव्हां सोपा आंकडा लक्षांत ठेवा : मराठींत "पेरी", "पेरायचा", "पेरीत असे" किंवा "पेरीत होता" येत असेल तर स्पॅनिशांत सेंब्राबा, "पेरलें" येत असेल तर सेंब्रो.

गोष्ट सांगतांना हे दोन काळ हातांत हात घालून कसे चालतात तें पाहा. "एका गांवांत एक शेतकरी राहत असे. तो रोज पहांटे उठे, बैल सोडी, औत धरी. एके दिवशीं औताच्या फाळास एक हंडा लागला." राहत असे, उठे, सोडी, धरी, हीं सर्व क्रियापदें स्पॅनिशांत दुसऱ्या भूतकाळांत जातील, "लागला" हें एकटें पहिल्या भूतकाळांत जाईल. पहिल्या चौघांनीं जमीन तयार केली, पांचव्यानें घटना घडविली. आजीच्या मांडीवर बसून ज्यानें कहाण्या ऐकल्या आहेत, त्यास हा विवेक नव्यानें शिकवावा लागत नाहीं.

या "पेरी" रूपाचा इतिहासहि मनोरंजक आहे. ज्ञानेश्वरांच्या काळीं हें रूप वर्तमानकाळाचें होतें. संस्कृत "करोति", त्याचें प्राकृत "करइ", त्याचें मराठी "करी", म्हणजे "करतो". "दाम करी काम" या म्हणींत तो जुना वर्तमान अजून तग धरून आहे. पुढें "करतो" हें नवें रूप वर्तमानाच्या जागीं बसलें आणि "करी" मागें सरून भूतकाळच्या संवयीचें काम पाहूं लागलें. स्पॅनिशचें "सेंब्राबा" मात्र लॅटिनांतहि भूतकाळाचेंच होतें. दोन निरनिराळ्या वाटांनीं दोन भाषा एकाच मुक्कामीं पोंचल्या. दोन्हींकडे आणखी एक गंमत आहे. "तो पेरी" आणि "ती पेरी" यांत लिंगभेद नाहीं. तसाच सेंब्राबा यांतहि नाहीं. आणि "मी पेरीं" व "तो पेरी" हीं रूपें कानास जवळजवळ एकच लागतात. स्पॅनिशांतहि "मी" आणि "तो" या दोघांस रूप एकच, सेंब्राबा.

भविष्यकाळ यापेक्षां सोपा. सेंब्रारे, सेंब्रारास, सेंब्रारा, सेंब्रारेमोस, सेंब्रारान. हा बनला कसा? "सेंब्रार" या मूळ रूपास "जवळ असणें" या अर्थाच्या क्रियापदाचीं रूपें चिकटलीं : ए, आस, आ, एमोस, आन. म्हणजे "मला पेरावयाचें आहे" असें म्हणतां म्हणतां "मी पेरीन" झालें. कर्तव्य हळूहळू भविष्य बनलें. मराठीनें आपला भविष्यकाळ निराळ्या रीतीनें जोडला : जुन्या "पेरी" रूपास ल लावून "पेरील", "बसे" यास ल लावून "बसेल". पण जुन्या रूपाच्या पाठीवर नवा काळ उभा करण्याची कला दोन्हींची सारखी. आणखी पाहा : आपण "पेरीन" म्हणतों आणि "पेरणार आहें" असेंहि म्हणतों. स्पॅनिशांतहि "सेंब्रारे" याशिवाय "बोय आ सेंब्रार" असा दुसरा प्रकार आहे. शब्दशः "पेरावयास जातों", अर्थानें "पेरणार आहें". मेक्सिकोंतील रोजच्या बोलण्यांत हाच अधिक ऐकूं येतो.

"पेरलें आहे" आणि "पेरलें होतें" असे आपले संयुक्त काळहि तेथें भेटतात : "आ सेंब्रादो" आणि "आबिया सेंब्रादो". येथें शब्दास शब्द जुळतो.

काळ संपले, आतां अर्थ. इंग्रजी जाणणारे लोक ज्या प्रकरणाचें नांव काढतांच कपाळाला हात लावतात, तें हें प्रकरण. इच्छा, आज्ञा, शंका, आशा यांच्या मागून येणारें स्पॅनिश क्रियापद आपला स्वर पालटतें : सिएंब्रा याचें सिएंब्रे, सिएंब्रास याचें सिएंब्रेस. "किएरो के सिएंब्रेस माईस" म्हणजे काय? "तूं मका पेरावास अशी माझी इच्छा आहे." येथें मराठींतहि "पेरतोस" चालत नाहीं, "पेरावास" हेंच रूप लागतें. घडणारी गोष्ट निराळी आणि घडावी असें वाटणारी गोष्ट निराळी, हा भेद आपलें क्रियापद "व" च्या योगानें दाखवितें, स्पॅनिश क्रियापद स्वर पालटून दाखवितें. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या "शास्त्रीय मराठी व्याकरण" या आपल्या ग्रंथांत या रूपास वाख्यात असें नांव दिलें आहे. शाळेंत ज्यानें ताख्यात, लाख्यात, वाख्यात यांचें कंटाळून कां होईना पाठांतर केलें आहे, त्याचे ते श्रम येथें फळास येतात.

मृग कोरडा जात असतां आमच्याकडील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडीं एकच वाक्य असतें : "पाऊस पडो." तें स्पॅनिशांत "ओहाला युएवा" असें होईल. "युएवा" हें त्याच इच्छादर्शक प्रकाराचें रूप आहे. आणि "ओहाला" हा शब्द ऐकून गंगापूरच्या बाजारांतील मनुष्यास ओळखीचें वाटलें तर त्यांत नवल नाहीं. स्पेनवर कित्येक शतकें अरबांचें राज्य होतें. "ईश्वरानें इच्छिलें तर" या अर्थाच्या अरबी उद्गारावरून तो आलेला आहे. आपल्या शेजारच्या मुसलमान बांधवांच्या तोंडचा "इन्शाल्ला" त्याचा अगदीं जवळचा नातलग होय.

आणखी एक लहानसा प्रकार सांगतों. "मला मका आवडतो" हें वाक्य घ्या. यांत आवडून घेणारा मी, पण क्रियापद माझ्यामागें न जातां मक्यामागें जातें. "मला फुलें आवडतात" म्हटलें कीं तें अनेकवचनी होतें. स्पॅनिशांत नेमकें असेंच : "मे गुस्ता एल माईस", "मे गुस्तान लास फ्लोरेस". इंग्रजींत आवडणारा कर्ता आणि आवडलेली वस्तु कर्म. त्यामुळें तिकडून येणाऱ्यास हें वाक्य उलटें करून शिकावें लागतें. आपणांस तें सुलटच भेटतें.

येथवर मीं साम्यें सांगितलीं. परंतु मराठी सर्वत्र वाट दाखवील असें सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जेथें ती आडवी येते अशीं तीन स्थळें सांगतों.

पहिलें स्थळ कर्मणि प्रयोगाचें. आपण म्हणतों, मीं मका पेरला, मीं बाजरी पेरली, मीं बियाणें पेरलें. भूतकाळांत आपलें क्रियापद पेरणाऱ्यास सोडून पेरलेल्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें. स्पॅनिशांत तसें नाहीं. कांहींहि पेरा, मीं पेरलें तें "सेंब्रे"च. मराठी विद्यार्थ्याची बुद्धि येथें उगाच वस्तूचें लिंग शोधीत बसते. तिला आवरावें लागतें. लिंग पाहावयाचें तें फक्त "मका पेरला गेला" अशा वाक्यांत. तेथें सेंब्रादो, सेंब्रादा असा फरक होतो.

दुसरें स्थळ "होता" या शब्दाचें. मराठींत होता, होती, होतें यांचें काम एकाच रूपानें भागतें. स्पॅनिशांत असण्याचीं क्रियापदेंच मुळीं दोन, सेर आणि एस्तार, आणि प्रत्येकास पुन्हां दोन भूतकाळ. येथें कहाणीची कसोटी वापरावी. "त्या वेळीं पाऊस होता", "घर जुनें होतें", "मला ठाऊक होतें", असें मागचें चित्र रंगवावयाचें असेल तर बहुधा दुसरा भूतकाळ घ्यावा.

तिसरें स्थळ आघाताचें. बोलणें यास स्पॅनिशांत "आब्लार" म्हणतात. "आब्लो" यांतील जोर पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ "मी बोलतों"; शेवटच्यावर दिला तर "तो बोलला". पुरुषहि बदलला आणि काळहि बदलला. मराठींत जोरानें अर्थ असा पालटत नाहीं, म्हणून आपला कान येथें बेसावध असतो. हें मात्र ऐकून, मोठ्यानें म्हणूनच शिकलें पाहिजे.

एका भाषेचें क्रियापद दुसऱ्या भाषेच्या चष्म्यांतून पाहण्याचा उद्योग आपल्या देशांत नवा नाहीं. फादर स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले. त्यांचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें; आणि गोव्याच्या लोकभाषेचें त्यांनीं लिहिलेलें व्याकरण त्यांच्या मरणानंतर १६४० सालीं रायतूर येथें छापून निघालें. तें पोर्तुगीज भाषेंत आहे, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्यांतहि पेरलें आणि पेरी यांचा भेद असाच आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील क्रियापद या घराण्याच्या भाषेंतून चारशें वर्षांपूर्वीं समजावून सांगितलें गेलें. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, त्यांच्या डोळ्यांपुढें इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. परक्यांनीं आपली भाषा त्यांच्या भाषेंतून पाहिली. आपण आपलीच भाषा परक्यांच्या मांडणींतून पाहिली. मग परक्यांची भाषा आपल्या मराठींतून पाहण्यांत संकोच कां असावा?

इंग्रजीशीं माझें वैर नाहीं. तें शिकावें, अवश्य शिकावें. परंतु एका परक्या भाषेच्या दारीं जाण्यासाठीं दुसऱ्या परक्या भाषेचा परवाना लागतो ही समजूत खोटी आहे. आणि तिच्यापायीं आमच्या खेड्यांतील हुशार मुलें आपली योग्यता कमी लेखतात, याचें मला वाईट वाटतें. चापिंगो ज्या तेश्कोको भागांत आहे, तेथेंच मका आणि गहूं यांच्या सुधारणेचें आंतरराष्ट्रीय केंद्र १९६६ सालीं स्थापन झालें. आमच्या तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलानें किंवा मुलीनें उद्यां तेथें जाऊन तेथील शेतकऱ्यास त्याच्या भाषेंत "तुमचे आजोबा काय पेरीत?" असें विचारावें, ही माझी इच्छा अशक्य कोटींतील नाहीं.

ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनीं एवढें करावें. एक कोरी वही घ्यावी. रोज एकच क्रियापद, आणि तेंहि आपल्या घरांतलें घ्यावें : पेरणें, बोलणें, खाणें, जाणें. एका बाजूस स्पॅनिश रूप, दुसऱ्या बाजूस मराठी रूप. मध्यें तिसरी भाषा आणूं नये. भूतकाळापुढें "पेरलें" आणि "पेरी" असे दोन निराळे रकाने पाडावे. मग तें सर्व पाढ्यांप्रमाणें मोठ्यानें म्हणावें. आघात जेथें असेल तेथें टाळी द्यावी. शंभर क्रियापदें अशीं चालविलीं म्हणजे पुढचीं आपोआप चालूं लागतात.

आणि पालकांस एक विनंति. तो पेरी, ती दळी, ते येत, आम्ही जाऊं, हीं रूपें बोलण्यांतून बहुतेक गेलीं आणि आतां मुलांच्या वाचनांतूनहि जात आहेत. घरांत मुलांस जुन्या काळच्या गोष्टी सांगतांना तीं मुद्दाम वापरावीं. आजोबा काय पेरीत, आजी कोणत्या ओव्या म्हणे, गोदावरीस पूर येई तेव्हां लोक काय करीत, हें सांगतांना तें रूप आपणहून जिभेवर येईल. मुलगा पुढें स्पॅनिश शिको वा न शिको. मागल्या पिढ्यांची रीत सांगणारें एक नेटकें रूप त्याच्या पदरांत राहील.